मदत हवी आहे : सप्ताहातली एकादशी आणि काल्याचा महाप्रसाद, चार हजार पानं

नमस्कार मंडळी,

आमच्या गावी (नेवासे तालुका) माघात अखंड हरिनाम सप्ताह बसतो. यंदा स्वयंपाकाची जबाबदारी माझ्याकडे आली आहे. एरवीच्या दिवशी चारपाचशे पानं असतात आणि पंगती अन्नदात्यांनी वाटून घेतल्यात, त्याची चिंता नाही. अडचण दोन दिवसांची आहे : मधली एकादशी आणि काल्याचा दिवस. काल्याला पंचक्रोशी लोटते.

आधी भाताचं. गेल्या वर्षी काल्याचं कीर्तन बाराला संपेल म्हणून आचाऱ्याने पहाटे पाचलाच भात उतरवायला घेतला. ताडपत्रीवर ढीग, वर ओली कापडं. कीर्तन रंगलं, दहीहंडी फुटायला एक वाजला. शेवटच्या पंगतीला मी स्वतः वाढत होतो. ढिगाच्या पोटात हात घातला तर भात अजून कोमट, बोटांना बुळबुळीत लागला, आंबूस वास आला. तिथल्या तिथे वाढप थांबवलं. आमटी-भाकरी आणि बुंदीवर पंगत उठली. कुणी काही बोललं नाही, पण ‘पुंडलिक वरदे’ म्हणून पानावर बसलेल्या म्हाताऱ्या माणसांपुढून भाताची पाटी मागे नेताना जीव तुटला. नंतर एका डॉक्टरांनी सांगितलं की काही जंतूंचं बीज शिजलेल्या भातातही जिवंत राहतं, कोमट ढिगात ते वाढतं आणि भात परत गरम केला तरी त्याचं विष जात नाही.

म्हणून यंदा भात पंगतीगणिक उतरवायचा विचार आहे. आचारी शंभर पानांमागे आठ किलो तांदूळ धरतो. सहाशेची एक पंगत म्हणजे जवळपास पन्नास किलो. आम्ही चर खणून लाकडावर रांधतो, जाळ कमीजास्त होतो. एवढा भात आधणापासून वाफ जिरेपर्यंत नेमका किती वेळ घेतो? भातापुरत्या गॅसच्या भट्ट्या आणाव्यात का? आणि दोन पंगतींमध्ये किती अंतर ठेवता?

आमटी शेवटपर्यंत काहिलीत रटरटत ठेवता येते. भाकरी घरोघरून येतात. सराला बेटाच्या सप्ताहातही गावोगावच्या घरांतून अशाच भाकरी येतात, तिथे सेवेला गेलेलं कुणी असेल तर गोळा झालेल्या भाकरी कशा ठेवतात ते जरूर सांगा. आमच्याकडे गरम भाकरी पोत्यात दाबून भरल्या जातात आणि खालच्या घामेजून चिकटतात.

आता एकादशी. जुनी मंडळी भगरीवर अडून आहेत. 2024 च्या फेब्रुवारीत बुलढाणा जिल्ह्यातल्या सोमठाण्यात सप्ताहातच फराळाच्या प्रसादाने शेकडो माणसं आजारी पडली होती, रस्त्यावर दोऱ्या बांधून सलाईन लावावी लागली. ते फोटो माझ्या डोळ्यांपुढून हलत नाहीत. भगरीला दमट हवेत बुरशी धरते. अन्न व औषध प्रशासनही सुटी भगर घेऊ नका, पाकीटबंद आणि तारीख पाहून घ्या, असं सांगतं. आमच्याकडे मात्र भगर अन्नदात्यांकडून दहा घरची दहा प्रकारची येते, कधीची ते कळायला मार्ग नाही. माझं मत स्पष्ट आहे : भगर नकोच. उकडलेली रताळी, शेंगदाण्याची आमटी, राजगिऱ्याचे लाडू, केळी. पाचशे माणसांना रताळी किती किलो लागतील? आणि आलेली भगर देणाऱ्याचं मन न दुखवता परत कशी करायची?

भर : काहींनी विचारलंय म्हणून लिहितो. पाणी टँकरचं आहे, रांधायचं आणि प्यायचं वेगळं ठेवणार. शाळेत पोषण आहार वाढण्याआधी शिक्षक चव घेतात, तसं दर काहिलीची चव आचारी आणि मी घेऊ, त्याशिवाय पाटी पंगतीत जाणार नाही. सप्ताहाला बावीस दिवस आहेत, तांदूळ अजून घेतलेला नाही. जुना कोलम घ्यावा की आणखी कुठला, तेही सांगा.