जपान 'कर्जबाजारी' आहे का? (शब्द हवेत)

चौकस: जपानवरच्या एका लेखाचं भाषांतर तपासतोय. एकाच परिच्छेदात 'सरकारी कर्ज', 'राष्ट्रीय कर्ज' आणि 'कर्जबाजारी देश' असे तिन्ही शब्द आलेत. कोणता ठेवू? आणि 'एजिंग पॉप्युलेशन'ला 'वृद्ध लोकसंख्या' चालेल?

टिपणवही: 'सरकारी कर्ज' नको. 'त्याला सरकारी कर्ज मिळालं' म्हणजे सरकारने दिलेलं. इथे घेणारं सरकार आहे. 'सरकारवरचं कर्ज' लिहा, कुणी अडखळणार नाही. 'राष्ट्रीय कर्ज' रूढ आहे खरं, पण त्यात घरांचं, कंपन्यांचंही कर्ज आल्यासारखं वाटतं.

रोखेवाला: 'कर्जबाजारी' तर काढाच. कर्जबाजारी माणसाला दारात कुणी उभं करत नाही. जपान सरकारवरचं कर्ज देशाच्या वार्षिक उत्पादनाच्या दुपटीहून जास्त आहे, तरी त्याचे कर्जरोखे खपत आलेत. घेणारे बहुतेक देशातलेच: बँका, विमा कंपन्या, पेन्शन फंड, आणि जवळपास निम्मे एकट्या बँक ऑफ जपानकडे, म्हणजे तिथल्या मध्यवर्ती बँकेकडे. म्हणजे आयुष्यभर बचत केलेले आजी-आजोबा शेवटी धनको, आणि त्यांच्याच पेन्शनसाठी, औषधपाण्यासाठी सरकार ऋणको. शिवाय जपानची परदेशातली येणी देण्यांपेक्षा कितीतरी जास्त.

चौकस: मग 'ऋण काढून सण' म्हणावं का?

रोखेवाला: सण कसला! अर्थसंकल्पाचा साधारण तिसरा हिस्सा सामाजिक सुरक्षेवर जातो. कायद्याने कर्ज काढायचं ते बांधकामासारख्या कामांसाठी. रोजच्या खर्चाची तूट भरायची तर वेगळा कायदा करून 'विशेष रोखे' काढावे लागतात. १९७५ पासून मोजकी वर्षं सोडली तर ते निघतातच आहेत. एवढ्या वर्षांत त्यात विशेष काय उरलं, देव जाणे. उपभोग कर (खरेदीवर लागणारा) १९८९ मध्ये ३ टक्के होता, २०१९ मध्ये १० झाला, तरी तूट आहेच.

टिपणवही: 'वृद्ध लोकसंख्या' म्हणजे फक्त म्हातारी माणसं. तिथे ६५ वर्षांवरचे सुमारे २९ टक्के आहेत, ती झाली वृद्ध लोकसंख्या. तुमच्या लेखात प्रक्रिया आहे, म्हणून 'लोकसंख्येचं वय वाढत जाणं'. जपानी लोक 'शोशी-कोरेइका' म्हणतात: मुलं कमी, म्हातारे जास्त. आपल्या शब्दात पहिला अर्धा भाग गळतो, आणि कर्जाच्या दृष्टीने तोच महत्त्वाचा. म्हातारे वाढले म्हणून तेवढं अडत नाही, कर भरणारे हात घटले म्हणून अडतं.

रोखेवाला: लेखात 'दरडोई कर्ज' असेल तर तेही नीट बघा. २००८ च्या सुमारास लोकसंख्येने शिखर गाठलं, नंतर ती घसरतेय. एक येनही नवा न घेता दरडोई आकडा वाढतो, कारण डोकी कमी होतात.

चौकस: आहे की! भाषांतरात 'प्रत्येक जपानी माणसाने काढलेले कर्ज' असं झालंय. बदलतो.