नैराश्य आणि तारणाची खात्री: मदत हवी आहे

जय ख्रिस्त. नगरकडची आहे, नाव देत नाही. आमच्या मंडळीत सगळे सगळ्यांना ओळखतात.

मागच्या पावसाळ्यापासून नैराश्याच्या गोळ्या चालू आहेत. झोप लागते, स्वयंपाक होतो, कामावरही जाते. पण प्रार्थनेला बसलं की आत काही हलतच नाही. गीत चालू असताना शेजारणीचे डोळे भरून येतात आणि मी पंख्याकडे बघत उभी. लहानपणापासून मंडळीत वाढले, रविवारच्या शाळेत शिकवलं. ते सगळं नुसतं वळण होतं का? तारण, म्हणजे प्रभूने पापातून सोडवणं, खरंच झालंय, तर असं कोरडं का वाटावं?

गेल्या प्रभुभोजनाला (भाकर आणि द्राक्षरसाच्या विधीला) बायबलमधलं १ करिंथ ११ वाचलं. ‘अयोग्य’ रीतीने खाणारा-पिणारा दोषी, असं आलं आणि मी पेल्यांचा ट्रे तसाच पुढे दिला. सासूबाईंनी पाहिलं. संध्याकाळी महिला मंडळाच्या एक बाई घरी हजर: गोळ्या सोड, उपास धर, साक्ष दे, प्रभू असताना डिप्रेशन कसलं!

काय करू? कृपा करून ‘आनंद करा’ छापाची वचनं पाठवू नका, फिलिप्पै ४:४ पाठ आहे.

प्रतिसाद १
ताई, मी पाळक (पास्टर) नाही. माझा धाकटा भाऊ यातून गेलाय, म्हणून लिहितो. आवडती आमटी तरी चवीने खाता का हल्ली? कशातच गोडी न वाटणं हे या आजाराचं मुख्य लक्षण आहे, आणि तुम्ही ते फक्त प्रार्थनेपुरतं मोजताय. योहान १०:२८ मध्ये येशू म्हणतो, माझी मेंढरं माझ्या हातातून कोणी हिसकावून घेणार नाही. म्हणजे पकड मेंढपाळाची आहे, मेंढरांची नव्हे. आणि स्तोत्र ८८ वाचा. बहुतेक विलापस्तोत्रं शेवटी स्तुतीकडे वळतात, हे अंधारातच संपतं. तरी पवित्र शास्त्रात आहे.

करिंथात पौल रागावला तो गरिबांना उपाशी ठेवून स्वतः जेवणाऱ्यांवर. तुमच्यावर नाही. पेला घ्या.

प्रतिसाद २
गोळ्या मनाने बंद करू नका. एकदम सोडल्या की चक्कर, झोप उडणं, आजार उलटणं, काहीही होऊ शकतं. कधी कधी गोळ्यांमुळेही मन बधिर वाटतं. हे डॉक्टरांना स्पष्ट सांगा, डोस किंवा औषध बदलता येतं. एलीया संदेष्ट्याने मरण मागितलं तेव्हा (१ राजे १९) देवदूताने आधी भाकर-पाणी दिलं आणि परत झोपू दिलं. उपास धरायला नाही सांगितला! तसले विचार तुम्हालाही येत असतील तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा. मोफत आहे, रात्रीही चालू असतो, मराठीत बोलता येतं.

धागाकर्ती
आमटीचं खरं आहे, लक्षातच आलं नव्हतं. ८८ वाचलं, दोनदा. मरणाचे विचार सध्या नाहीत, मध्यंतरी होते. नंबर सेव्ह केलाय. डॉक्टरांना बधिरपणाचं विचारते. आता पाळकसाहेबांशी बोलायचंय, पण सासूबाईंना कळू न देता. नवऱ्याला सोबत नेऊ की एकटीच जाऊ? कुणी असं केलंय का?