अनुभव धागा: होम्स काउंटी, ओहायो

अमेरिकेबद्दल बोलताना आपली गाडी न्यू जर्सी आणि बे एरियातच फिरते. शेतीवाडीच्या काउंट्यांत नोकरीनिमित्त राहणारी आपली माणसंही आहेत. म्हणून यावेळी होम्स काउंटी: २०२० च्या जनगणनेत वस्ती ४४,२२३, त्यातले जवळजवळ निम्मे आमिश, म्हणजे मोटारीऐवजी घोड्याच्या बग्गीने फिरणारा, साधं राहणारा ख्रिस्ती पंथ. राहिलेले, कामाला जाणारे, फिरून आलेले, सगळ्यांनी लिहा. तिथल्या प्रसिद्ध चीजइतकंच तिथल्या कारभाराबद्दलही येऊ द्या.

नर्सताई
मी तिथल्या दवाखान्यात काम करते. आमिश घरातली शाळेआधीची पोरं फक्त पेनसिल्व्हेनिया डच (जर्मनची एक बोली) बोलतात, इंग्रजी पुढे शाळेत शिकतात. त्यामुळे चार वर्षांच्या मुलाचं पोट तपासताना "इथे दुखतं का?" हे मी आईला विचारते, आई त्याला विचारते, आणि तो माझ्या हातातल्या स्टेथोस्कोपकडे बघत मान हलवतो. बहुतेकांकडे विमा नसतो. खर्च किती येईल हे आधी विचारतात. मोठं बिल असलं की चर्चची माणसं मिळून भरतात. स्वतःचा धंदा किंवा शेती करणाऱ्या आमिशांना १९६५ च्या कायद्याने सोशल सिक्युरिटीतून (सरकारी पेन्शन योजनेतून) सूट मिळाली, पण घरपट्टी आणि आयकर ते भरतात. "आमिश कर भरत नाहीत" असं आपल्याच लोकांकडून ऐकलं की मला फार वाईट वाटतं. आठवीनंतर शाळा नाही, याला १९७२ साली सुप्रीम कोर्टाने मान्यता दिली. हुशार मुलगी समोर आली की तो निर्णय मला आजही पटत नाही.

मिलर्सबर्गकर
मिलर्सबर्ग हे काउंटीचं मुख्यालय. आपल्याकडे जिल्हाधिकारी वरून नेमून येतो. इथे तीन कमिशनर, शेरीफ, ऑडिटर, खजिनदार, दस्त नोंदवणारा रेकॉर्डर, रस्त्यांचा इंजिनीयर, अगदी संशयास्पद मृत्यूंची चौकशी करणारा कॉरोनरसुद्धा मतदानाने निवडतात. त्याखाली टाउनशिप, म्हणजे काउंटीचे छोटे विभाग, प्रत्येकीचे तीन निवडून आलेले ट्रस्टी. गल्लीतल्या रस्त्यावरचा बर्फ निघाला नाही, तर कोणाला फोन करायचा हे शेजाऱ्याला तोंडपाठ असतं. कमिशनरांच्या बैठकीला कोणीही जाऊन बसू शकतो. मी गेलो आहे, तुम्हीही जाच.

घाटवेडा
हिमयुगातला बर्फ पूर्वेकडच्या टेकड्यांवर पोचला नाही, म्हणून बर्लिन, चार्म या इथल्या गावांकडचे रस्ते सतत चढउताराचे. चढ संपला की समोर एकदम बग्गी! २०२२ पासून बग्गीवर लुकलुकणारा पिवळा दिवा सक्तीचा झाला. श्वार्त्झेन्ट्रूबर हा सगळ्यात कडवा पंथ मात्र हळू चालणाऱ्या वाहनाची खूण असलेला नारिंगी त्रिकोणसुद्धा लावत नाही, त्यांच्या बग्गीला चमकणारी पट्टी आणि कंदील. अंधारात वेग कमीच ठेवा.

सायकलस्वार
फ्रेडरिक्सबर्गहून निघणारी होम्स काउंटी ट्रेल जुन्या रेल्वेमार्गावर आहे, बग्गीसाठी वेगळी पट्टी आहे. घोड्यामागून जाताना आधी आवाज द्या. रविवारी जाऊ नका, आमिश दुकानं बंद असतात.