दहा मीटर एअर रायफलचा ग्रुप (लागोपाठ मारलेल्या शॉटच्या छिद्रांचा पुंजका) मोठा झाला आहे. दोष नेमका कुठे शोधावा?

प्रश्न

गेली तीन वर्षे मी एकाच दहा मीटर एअर रायफलवर सराव करीत आहे. रायफल दाबलेल्या हवेच्या सिलिंडरवर चालणारी असून पेलेट (छर्रे) ४.५ मिलिमीटरचे, सपाट डोक्याचे आहेत. दीड महिन्यापूर्वीपर्यंत माझी दहा शॉटची सीरिज १०३ ते १०४ च्या दरम्यान सातत्याने येत असे. आता ती १०१ च्या वर जात नाही. मला सर्वांत जास्त खटकते ते हे की चुकलेला शॉट सुटताना मला चुकल्यासारखा वाटतच नाही. फोरसाइटच्या (नळीच्या पुढच्या टोकावरच्या साइटच्या) रिंगमध्ये टार्गेटचा काळा गोल स्वच्छ बसलेला असतो, ट्रिगर हलकेच सुटतो, फॉलो-थ्रूही (शॉटनंतर क्षणभर स्थिर राहणेही) ठीक असतो, आणि तरीही पडद्यावर ९.८ दिसतो, बहुतेक वेळा बरोबर वरच्या बाजूला.

एकाच आठवड्यात मी डायॉप्टर (डोळ्याजवळची मागची साइट) चार क्लिक खाली घेतला, बॅरल साफ केली, नव्या लॉटचे पेलेट आणले आणि चीक पीस (गाल टेकवायचा भाग) किंचित वर केला. डायॉप्टर खाली घेतल्यावर वरचे शॉट आत आले, पण पूर्वी मध्यावर बसणारे शॉट खाली जाऊ लागले. माझ्या प्रशिक्षकांच्या मते दोष एकाग्रतेचा आहे. राज्य स्पर्धेला पाच आठवडे उरले आहेत. दोष माझा की रायफलचा, हे खात्रीने कसे ठरवावे?

उत्तर (एक प्रशिक्षक)

आपण एका आठवड्यात चार गोष्टी बदलल्या आहेत, त्यामुळे आता सुधारणा झाली तरी ती कशामुळे झाली हे कळणार नाही आणि बिघाड वाढला तरी तो कशामुळे वाढला हेही कळणार नाही. सर्वप्रथम चीक पीस जुन्या खुणेवर आणा, डायॉप्टर मूळ जागी न्या, आणि जुन्या लॉटचा एखादा डबा शिल्लक असेल तर तोच वापरा. यापुढे एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि ती वहीत लिहून ठेवावी.

त्यानंतर शरीराला या प्रश्नातून बाजूला काढा. टेबलावर वाळूच्या दोन पिशव्या ठेवून त्यांवर रायफल टेकवा आणि पाच-पाच शॉटचे निदान सहा ग्रुप कागदी टार्गेटवर मारा. पडद्यावरचे आकडे इथे पुरेसे नाहीत. कागदावरच्या छिद्रांची मांडणी डोळ्यांनी पाहायला हवी. सुस्थितीतील रायफल अशा टेकूवरून पाचही पेलेट जवळजवळ एकाच छिद्रातून काढते. तसे झाले, तर आपले प्रशिक्षक बरोबर आहेत असे समजून भूमिका, श्वास आणि ट्रिगरकडे वळावे.

ग्रुप फाटला, तर तो कोणत्या आकारात फाटला ते पाहा. सर्व बाजूंनी सारखा पसरलेला गोल ग्रुप दिसला की मला पहिली शंका पेलेटची आणि अस्वच्छ बॅरलची येते. दोन वेगळे पुंजके दिसले, तर काहीतरी सैल असून ते दोन जागांमध्ये हलते आहे असे धरून चालावे: डायॉप्टरचा क्लॅम्प, फोरसाइटची नळी, किंवा स्टॉक (रायफलचा दस्ता) आणि ॲक्शन (शॉट सोडणारी यंत्रणा) जोडणारे स्क्रू. हे स्क्रू अंदाजाने आवळू नका. उत्पादकाने सांगितलेला टॉर्क (आवळण्याचा ठरावीक जोर) असतो, तो टॉर्क पान्यानेच द्यावा. सगळी छिद्रे एकावर एक उभ्या रेषेत आली, तर मात्र पेलेटचा वेग एकसारखा राहत नाही, अशी दाट शक्यता आहे.

उत्तर (दुसरे एक नेमबाज)

वरील सल्ल्याशी सहमत आहे. केवळ बॅरलविषयी एक भर घालतो. स्वच्छ केलेली बॅरल लगेच पूर्वीसारखी वागत नाही. शिशाचा पातळ थर पुन्हा बसेपर्यंत माझ्या रायफलला तीस-चाळीस शॉट लागतात, आणि तोपर्यंतचे ग्रुप मी मोजतच नाही. आपणही तेवढे शॉट आधी मारून घ्यावेत, नाहीतर परीक्षाच चुकीची होईल. पेलेटचा डबा उघडल्यावर स्कर्टची (पेलेटच्या मागच्या पोकळ भागाची) कड एकदा उजेडात पाहावी. चेपलेल्या कडेचा एक पेलेटही ग्रुप बिघडवतो.

प्रश्नकर्त्याचे उत्तर

दोघांचेही मनःपूर्वक आभार. सर्व काही मूळ जागी आणून, चाळीस शॉट मारून झाल्यावर, जुन्या लॉटचे पेलेट घेऊन टेकूवरून सहा ग्रुप मारले. सहापैकी पाच ग्रुपमध्ये चार पेलेट एकाच छिद्रात आणि एक त्यावर, अगदी सरळ वर, असेच चित्र आहे. मी प्रत्येक शॉट क्रमाने लिहून ठेवला होता, त्यामुळे एक गोष्ट लक्षात आली: वर गेलेला शॉट प्रत्येक वेळी ग्रुपचा पहिलाच होता. दोन ग्रुपच्या मध्ये कागद बदलायला मी पाच-सात मिनिटे घेत होतो. स्क्रू आणि डायॉप्टर तपासले; काहीही सैल नाही.

उत्तर (रायफल दुरुस्ती करणारे)

आपण क्रम लिहून ठेवलात, म्हणून निदान सोपे झाले. हा दोष रेग्युलेटरचा दिसतो. सिलिंडरमध्ये हवा सुमारे २०० बारच्या दाबाने भरलेली असते. रेग्युलेटर ती बऱ्याच कमी, ठरावीक दाबाने पुढच्या कोठीत सोडतो आणि तो दाब गाठला की बंद होतो. त्याची सीट (झडप जिथे टेकून बंद होते ती जागा) झिजली किंवा तिच्यावर कण अडकला, तर तो पूर्ण बंद होत नाही आणि कोठीतला दाब हळूहळू चढत राहतो. एकापाठोपाठ शॉट मारले तर दाब चढायला वेळच मिळत नाही; थांबलात की चढतो, आणि पुढचा पेलेट जास्त वेगाने निघतो.

क्रोनोग्राफ मिळवून वेग मोजा. पाच मिनिटे थांबून एक शॉट, मग अर्ध्या मिनिटाच्या अंतराने चार शॉट, असे तीन वेळा करा. समजा, पहिला १७८ मीटर प्रतिसेकंद आणि बाकीचे १७१ च्या आसपास आले. दहा मीटर जाईपर्यंत पेलेट गुरुत्वाकर्षणाने साधारण सोळा मिलिमीटर खाली येतो, आणि वेगातल्या एवढ्या फरकाने ही घसरण सव्वा मिलिमीटरने कमी होते. इलेक्ट्रॉनिक टार्गेटवर गुणाचा प्रत्येक दशांश पाव मिलिमीटरचा असतो. म्हणजे जो शॉट १०.९ व्हायचा तो १०.४ होतो, आणि जो आधीच दीड मिलिमीटर वर जाणार होता तो ९.८ वर जातो.

एक कळकळीची विनंती: रेग्युलेटर घरी उघडू नका. सिलिंडर काढल्यावरही आतल्या कोठीत दाब उरलेला असू शकतो. रायफल उत्पादकाच्या अधिकृत दुरुस्ती केंद्राकडेच द्यावी, आणि त्याच वेळी सिलिंडरवरची वैधतेची तारीख पाहून घ्यावी, कारण स्पर्धेत ती नेमबाजाचीच जबाबदारी असते.

उत्तर (एक प्रशिक्षक)

यातून आपल्या प्रशिक्षकांच्या निदानाचाही उलगडा होतो. स्पर्धेत ६० शॉटसाठी ७५ मिनिटे असतात, आणि नेमबाज सगळे शॉट समान अंतराने मारत नाही. चित्र स्थिर होत नाही तेव्हा तो रायफल खाली ठेवतो, थांबतो, श्वास सावरतो आणि मग पुन्हा उचलतो. म्हणजे ज्या शॉटसाठी आपण सर्वांत जास्त काळजी घेत होता, नेमका तोच वर जात होता. बाहेरून पाहणाऱ्याला हे दडपणासारखेच दिसणार. त्यांना ही वही अवश्य दाखवा.

प्रश्नकर्त्याचे उत्तर

क्रोनोग्राफवर थांबून मारलेले तीन शॉट १७७, १७९ आणि १७८ आले, तर लागोपाठ मारलेले बारा शॉट १७० ते १७२ च्या आत राहिले. दुरुस्ती केंद्राने रेग्युलेटरची सीट आणि ओ-रिंग (हवा अडवणारे रबरी कडे) बदलून रायफल अकरा दिवसांनी परत दिली. काल तीच चाचणी पुन्हा केली: पाच मिनिटे थांबून १७२, नंतर १७१, १७२, १७१, १७२. टेकूवरच्या सहाही ग्रुपमध्ये पहिला शॉट इतरांच्याच छिद्रात गेला.

प्रशिक्षकांनी वही शांतपणे पाहिली आणि पुढच्या सरावापासून प्रत्येक शॉटच्या आधी किती वेळ थांबलो तेही त्या वहीत लिहायला सांगितले. आज उभ्याने मारलेल्या पहिल्या सीरिजमध्ये दोन वेळा रायफल खाली ठेवून थांबलो होतो. त्या दोन शॉटचे गुण १०.६ आणि १०.३ आले, आणि १०.३ चा शॉट डावीकडे गेला होता. तो सुटतानाच मला कळला होता.