मदत हवी आहे: गाडी तापली की सेल्फ उचलत नाही, इग्निशन स्विच गेला का?

वाशिष्ठीकाठ
सकाळी एका चावीत सुरू होते. बाबांना डायलिसिसला सोडून मी औषधं आणायला निघाले की सेल्फ मारतच नाही. डॅशबोर्डचे दिवे सगळे लागतात. तासाभराने आपोआप सुरू! गॅरेजवाल्यांनी बॅटरी बदलायला लावली, फरक शून्य. आता म्हणतात सेल्फ उतरवून आर्मेचर, बुश सगळं करू. परवा पुन्हा डायलिसिस आहे. इग्निशन स्विच घरी कसा तपासायचा, कृपया लवकर सांगा.

कृष्णाकाठचा
गाडी कितव्या सालची? पेट्रोल की डिझेल? चावी स्टार्टला धरल्यावर दिवे मंद होतात की तसेच राहतात? टक आवाज येतो का?

पंचगंगा
आधी टर्मिनल बघा. बॅटरी नवी घालतात आणि टर्मिनल जुनंच, साका धरलेलं. गरम पाणी ओतून धुवा, पुसून कोरडं करा, घट्ट आवळा, वरून व्हॅसलीन. माझं काम एवढ्यावरच झालं होतं.

वाशिष्ठीकाठ
२००९ची पेट्रोल. दिवे जराही मंद होत नाहीत. कधी अगदी बारीक टक, कधी तेही नाही. टर्मिनल नवीन आहेत. स्विचचं सांगा ना कुणीतरी.

तारजोड
ताई, दिवे मंद होत नाहीत म्हणजे सेल्फच्या जाड वायरमधून करंट निघालेलाच नाही. बॅटरी बसली असती किंवा सेल्फ जाम असता, तर चावी मारताच दिवे पडले असते. आर्मेचर आत्ता उघडू देऊ नका. दोष बहुधा स्विचपासून सोलेनॉइडपर्यंतच्या (सेल्फवरचा चुंबकी स्विच) बारीक वायरच्या वाटेवर आहे.

डिझेलवाला
असं ठाम कसं सांगता? सोलेनॉइडचे आतले काँटॅक्ट जळले तरी दिवे तसेच राहतात आणि टक येते. गरम झाल्यावरच त्रास म्हणजे सेल्फच. उतरवा आणि मोकळे व्हा.

तारजोड
काँटॅक्टचं खरं आहे, म्हणून तर मोजायचं. बारीक वायरवर पुरेसे व्होल्ट येऊनही फिरला नाही, तर खुशाल सेल्फ उतरवा. त्याआधी खर्च कशाला?

ताई, लॉकच्या मागे स्विचचा कपलर, म्हणजे वायरी जोडणारा प्लग असतो. त्यात बॅटरीची कायम चालू वायर, एसीसी (रेडिओ वगैरेची), आयजी (इग्निशनची) आणि एसटी (स्टार्टची). डॅशबोर्डचे दिवे आयजीवर, सेल्फ एसटीवर. दोन्हींचे काँटॅक्ट वेगळे, त्यामुळे दिवे लागले म्हणजे स्विच चांगला असं होत नाही.

मल्टीमीटर डीसी २० व्होल्टवर ठेवा. गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला. काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्हला, आत मोजताना बॉडीच्या रंग नसलेल्या बोल्टला. घरातल्या कुणाला तरी चावी स्टार्टला धरायला सांगा आणि तेवढ्यात लाल पिनने तीन ठिकाणी मोजा: बॅटरीचा पॉझिटिव्ह, कपलरमधली एसटी, सेल्फवरची बारीक वायर. कपलर काढू नका, मागून पिन सरकवा. काढलात की लोड जातो, मग कुजलेली वायरसुद्धा १२ व्होल्ट दाखवते. आणि मोजायचं ते गाडी अडलेली असतानाच. थंड गाडीवर सगळं छान दिसेल.

घाटमाथा
चावीला जुडगा किती जड आहे? २०१४मध्ये जनरल मोटर्सने इग्निशन स्विचसाठी जगभरातून सुमारे २६ लाख गाड्या परत बोलावल्या. जड जुडग्याने किंवा धक्क्याने चावी चालत्या गाडीत एसीसीवर सरकायची, इंजिन बंद, एअरबॅगही बंद. भरपाई निधीने १२४ मृत्यू मान्य केले. लोक हे हसण्यावारी नेतात. घराच्या किल्ल्या, कपाटाच्या किल्ल्या गाडीच्या चावीला अडकवू नका.

कृष्णाकाठचा
महत्त्वाचं आहे, पण त्यांची गाडी बंद पडत नाहीये, सुरू होत नाहीये.

डिझेलवाला
सरळ पुश बटण लावा. बॅटरीतून एक वायर, बटण, सोलेनॉइड. माझ्या टेम्पोला आहे, कधी त्रास नाही.

तारजोड
कृपया हे करू नका. गाडी गिअरमध्ये असताना कुणाचा हात लागला तर ती उडी मारेल. त्यात फ्यूज नसेल आणि वायर घासली तर आग. आणि दोष आहे तिथेच राहतो.

वाशिष्ठीकाठ
आत्ता हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये भावाला बसवून मोजलं. बॅटरी १२.४, एसटी १२.१, सेल्फची बारीक वायर ६.९.

तारजोड
उत्तम मोजलंत. स्विच चांगला आहे, त्यात फक्त ०.३ जातात. पुढच्या वाटेत ५.२ व्होल्ट गळतायत. ६.९वर सोलेनॉइड कसा ओढणार? गरम झाल्यावर कॉइलचा रोध वाढतो, म्हणून थंड असताना कसाबसा उचलतो आणि तापला की नाही. स्विच आणि सेल्फच्या मधे काही बाहेरून बसवलंय का? अलार्म, सेंट्रल लॉकिंग?

वाशिष्ठीकाठ
अलार्म आहे, दिवाळीत बसवला. पण तो व्यवस्थित वाजतो, त्याचा काय संबंध?

तारजोड
चोराने गाडी सुरू करू नये म्हणून अलार्मवाले बहुतेक एसटीची वायर कापून मधे आपला रिले (विजेवर चालणारा स्विच) घालतात. तो जोड शोधा. बॅटरीचा निगेटिव्ह काढून मगच हात घाला.

पंचगंगा
बॅटरी काढताय तर टर्मिनलही घासून घ्या.

वाशिष्ठीकाठ
सापडला. स्टेअरिंगखालचं कव्हर काढलं तर काळ्या टेपचा एक गोळा, चिकट, वितळलेला. आत दोन वायरी नुसत्या पीळ मारलेल्या. अर्धे तार तुटलेले, उरलेले करपून तपकिरी. जवळच्या वायरमनकाकांनी अलार्मचा रिले बाजूला काढला, मूळ वायर सोल्डर करून वर हीटश्रिंक (तापवली की आवळणारी नळी) चढवली. आता चावी धरली की सेल्फवर ११ व्होल्टच्या वर मिळतात. गाडी तापवून बंद केली, लगेच पुन्हा मारली, सुरू झाली.
अलार्म आता फक्त वाजतो, गाडी अडवत नाही. त्याचा रिले परत घालावा का?

तारजोड
घालायचाच असेल तर एसटीच्या मोठ्या करंटमध्ये नको. सेल्फला वेगळा रिले लावून घ्या आणि अलार्म त्याच्या कॉइलच्या वायरीत घाला. तिथे पाव अँपिअरही जात नाही, जोड तापत नाही. बाबांचं डायलिसिस आधी होऊ दे, हे नंतर सावकाश केलं तरी चालेल.