वडिलांचा कॅमेरा आणि चांदीचे रुपये: ऑनलाइन लिलावात कसे विकावेत?

प्रश्न: शुक्रवारपेठकर

नमस्कार. माझे वडील कोल्हापुरात भाऊसिंगजी रोडवर पस्तीस वर्षे छायाचित्रणाचा स्टुडिओ चालवत होते. गेल्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्यांच्या कपाटात रोलीफ्लेक्स बनावटीचा, दोन भिंगांचा कॅमेरा चामडी पेटीसह मिळाला आणि एका पितळी डब्यात चांदीचे सदतीस रुपये मिळाले. नाण्यांवर राणी व्हिक्टोरिया, सातवा एडवर्ड, पाचवा जॉर्ज आणि सहावा जॉर्ज यांचे मुखवटे आहेत. आई ही नाणी दरवर्षी लक्ष्मीपूजनाला चौरंगावर मांडत असे.

गुजरीतील एका सराफांनी सर्व नाण्यांना वजनावर एकच भाव सांगितला. कॅमेरा एका दुकानदाराने शोभेची वस्तू म्हणून दोन हजारांना मागितला. दोन्ही भाव मला पटले नाहीत, म्हणून ऑनलाइन लिलावाचा विचार करीत आहे. सुरुवातीची बोली किती ठेवावी, राखीव किंमत (जिच्याखाली वस्तू विकायची नाही अशी किंमत) ठेवावी का आणि परदेशातील ग्राहकाला विकता येईल का, हे कृपया जाणकारांनी सांगावे. आणखी एक गोष्ट अशी की, नाण्यांची छायाचित्रे मी एका समूहात टाकली, तेव्हा एका अनोळखी व्यक्तीने फोन करून एका नाण्याचे तीन लाख देण्याची तयारी दाखवली आणि आधी नोंदणी शुल्क भरण्यास सांगितले. मी ते भरलेले नाही.

उत्तर १: नाणीसंग्राहक_करवीर

ताई, शुल्क भरले नाही हे फार चांगले केलेत. जुन्या नोटा आणि नाणी विकत घेण्याच्या नावाखाली शुल्क, कमिशन किंवा कर मागणाऱ्यांपासून सावध राहावे, अशी सूचना रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये प्रसिद्ध केली होती. आपण अशा व्यवहारांत नसतो आणि कोणालाही तसा अधिकार दिलेला नाही, असे बँकेने त्यात स्पष्ट केले होते. खरा ग्राहक विकणाऱ्याकडे पैसे मागत नाही. तो नाण्याच्या कडेचे छायाचित्र मागतो, वजन विचारतो.

आता नाण्यांकडे वळू. सर्वप्रथम एक कळकळीची विनंती करतो, ती म्हणजे नाणी घासू नका. आपल्याकडे दिवाळीला चांदी चिंचेने किंवा रांगोळीने लख्ख करण्याची पद्धत आहे आणि देवाच्या उपकरणांसाठी ती योग्यच आहे. परंतु नाण्यावर वर्षानुवर्षे चढलेला करडा, निळसर थर संग्राहकाला हवा असतो. घासलेल्या नाण्यावरील बारीक ओरखडे भिंगाखाली लगेच दिसतात आणि अशा नाण्याची किंमत चांदीच्या भावापर्यंत उतरते.

सराफांनी सर्वांना एकच भाव सांगितला, हे मला खटकते. या रुपयाचे वजन ११.६६ ग्रॅम असते. जुन्या रुपयांत सुमारे ९१.७ टक्के चांदी असते, म्हणजे शुद्ध चांदी जवळजवळ १०.७ ग्रॅम भरते. १९४० पासूनच्या रुपयांत मात्र चांदी निम्म्यावर आणण्यात आली. तेव्हा सरसकट भाव लावताना कमी चांदीचा भाव सगळ्या नाण्यांना लागला असण्याची शक्यता आहे. आधी नाणी राजाप्रमाणे आणि मग सालाप्रमाणे वेगळी करा. सालाजवळ मुंबई टांकसाळीची एखादी बारीक खूण दिसते का, हेही पाहा.

पाचव्या जॉर्जच्या नाण्यांत १९११ साल आहे का, ते मुद्दाम शोधा. त्या वर्षीच्या रुपयावर राजाच्या झग्यावरील हत्ती इतका आखूड सोंडेचा कोरला गेला की, तो लोकांना डुकरासारखा दिसला आणि मोठी नाराजी पसरली. सरकारला ते नाणे मागे घेऊन हत्तीचे चित्र सुधारावे लागले आणि १९१२ पासून सुधारलेले नाणे आले. १९३९ सालचा रुपया फार दुर्मीळ आहे, पण दुसऱ्याच सालाचा आकडा कोरून बदललेली नाणीही बाजारात फिरतात, त्यामुळे तसे नाणे निघाल्यास ते तज्ज्ञाला दाखवल्याशिवाय लिलावात मांडू नका. नाणी ठेवण्यासाठी मऊ, वास येणारे प्लास्टिकचे पाकीट वापरू नये. त्यातील रसायनामुळे चांदीवर हिरवट चिकट थर चढतो.

उत्तर २: शाहूपुरीचा_व्यापारी

नाण्यांबद्दल वर उत्तम लिहिले आहे. मी बोलीबद्दल लिहितो, कारण माझे अर्धे आयुष्य गुळाच्या सौद्यांत, म्हणजे बाजारातील लिलावांत गेले आणि गेली बारा वर्षे मी ऑनलाइन लिलावातून जुने कॅमेरे घेतो आणि विकतो.

सौद्यात व्यापारी गुळाचा रवा, म्हणजे ढेप फोडतो, चाखतो, रंग पाहतो आणि मग बोलतो. ऑनलाइन लिलावात ग्राहकाला यांतले काहीच करता येत नाही. त्याने जे पाहायचे ते तुमच्या छायाचित्रांतून आणि वर्णनातूनच पाहायचे असते. ज्या गोष्टीबद्दल त्याला शंका राहते, तिचे पैसे तो बोलीतून कापून घेतो. म्हणून दोष लपवण्यापेक्षा दाखवलेला दोष विक्रेत्याला स्वस्त पडतो, असा माझा अनुभव आहे.

कॅमेऱ्याच्या बाबतीत कोल्हापूरच्या पावसाचा विचार करावा लागतो. चामडी पेटीत बंद राहिलेल्या भिंगावर बुरशीचे जाळे धरते. मागचे झाकण उघडा, शटर उघडे ठेवून एका बाजूने विजेरीचा प्रकाश टाका आणि दुसऱ्या बाजूने छायाचित्र घ्या. भिंग स्वच्छ असेल तर हेच छायाचित्र तुमची किंमत वाढवेल. शटर एका सेकंदाच्या मंद वेगावर अडकते का, हे ऐकून लिहा. पुढच्या पट्टीवरील क्रमांक आणि भिंगाचे नाव स्पष्ट दिसू द्या, कारण टेसार आणि प्लानार या भिंगांच्या कॅमेऱ्यांत किमतीचा मोठा फरक असतो. पट्टीवर रोलीफ्लेक्सऐवजी रोलीकॉर्ड लिहिलेले असेल तर ते त्याच कंपनीचे स्वस्त भावंड आहे. अशा कॅमेऱ्यांना लागणारी १२० क्रमांकाची फिल्म आजही मिळते, त्यामुळे तो वापरणारे ग्राहक आहेत. दोन हजार ही रक्कम मी तरी विचारातही घेणार नाही.

सुरुवातीच्या बोलीबद्दल मते वेगळी आहेत. एक रुपयापासून सुरुवात केली की गर्दी जमते, असे सांगतात. ते खरे आहे, पण जिथे ती वस्तू जाणणारे पुष्कळ जण हजर असतात तिथेच. भाव चढायला किमान दोन जाणकार लागतात. सौद्याला एकच व्यापारी उभा असेल तर उत्तम गूळही पडेल भावाने जातो, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. साध्या सालांच्या रुपयांना चांदीच्या भावापासून सुरुवात करा, तिथवर बोली बहुधा पोहोचतेच. कॅमेऱ्याला मात्र, जी रक्कम मिळाली तरी वाईट वाटणार नाही, तीच पहिली बोली ठेवा. छुपी राखीव किंमत मला आवडत नाही, कारण ती ओलांडली न गेल्यास बोली लावणारे निराश होतात आणि पुन्हा मांडलेल्या वस्तूकडे फिरकत नाहीत.

ग्राहक आपली कमाल मर्यादा आधी लिहून ठेवतो आणि संकेतस्थळ त्याच्या वतीने बोली चढवते. ती कशी चढते, हेही जाणून घ्या. एकाने कमाल मर्यादा ६,००० लिहिली, दुसऱ्याने ४,२०० लिहिली आणि वाढीचा टप्पा १०० असेल, तर पहिल्याला वस्तू ४,३०० रुपयांना मिळते. म्हणजे विक्री दुसऱ्या क्रमांकाच्या माणसाच्या तयारीवर ठरते. जिथे वेळ ठरलेल्या क्षणी संपते, तिथे मुरलेले लोक शेवटच्या काही सेकंदांतच बोली लावतात, म्हणून सहा दिवस शांतता दिसली तरी घाबरून लिलाव मागे घेऊ नका. शेवट रविवारी रात्री येईल असा ठेवा.

उत्तर ३: निवृत्त_वकील

परदेशातील विक्रीचा मुद्दा वरच्या उत्तरांत राहून गेला आहे. पुरावस्तू आणि कलानिधी अधिनियम, १९७२ नुसार शंभर वर्षे पूर्ण झालेले नाणे ही पुरावस्तू ठरते आणि खासगी व्यक्तीला ती देशाबाहेर पाठवता येत नाही. व्हिक्टोरिया आणि एडवर्ड यांचे सर्व रुपये त्यात येतात, पाचव्या जॉर्जचेही बहुतेक येतात. त्यामुळे लिलाव मांडताना पाठवणी फक्त भारतात, असेच निवडा. रोलीफ्लेक्सची निर्मितीच १९२९ साली सुरू झाली असल्याने कॅमेऱ्याला हा निर्बंध आज लागत नाही.

दुसरे म्हणजे, भाव चढवण्यासाठी भावाने किंवा मित्राने बोली लावावी, असा सल्ला कोणी दिल्यास तो ऐकू नये. मालविक्री अधिनियम, १९३० च्या कलम ६४ नुसार विक्रेत्याने तसा हक्क आधी जाहीर केलेला नसेल, तर त्याने स्वतः किंवा दुसऱ्याकरवी बोली लावणे बेकायदेशीर आहे आणि खरेदीदार ती विक्री कपटाची मानू शकतो. पैसे घेतानाही जपा. खात्यात पैसे येण्यासाठी यूपीआयचा पिन कधीही टाकावा लागत नाही. तो कोणी मागितला तर व्यवहार तेथेच थांबवा आणि पैसे गेलेच तर विलंब न लावता १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर तक्रार नोंदवा.

शुक्रवारपेठकर

आपणा सर्वांची मनापासून ऋणी आहे. काल रात्री आईसोबत नाणी वेगळी केली. व्हिक्टोरियाची अकरा, एडवर्डची सहा, पाचव्या जॉर्जची तेरा आणि सहाव्या जॉर्जची सात निघाली. ही शेवटची सातही १९४० नंतरची आहेत. पाचव्या जॉर्जच्या नाण्यांत दोन १९११ ची आहेत. व्हिक्टोरियाची पाच नाणी पूजेसाठी घरातच राहावीत, अशी आईची इच्छा आहे आणि ती मी मोडणार नाही. कॅमेऱ्यावर रोलीफ्लेक्स असेच नाव आहे आणि भिंग टेसार आहे, पण मागच्या भिंगाच्या कडेला धाग्यासारखे काहीतरी दिसते. ते साफ करून घ्यावे का? आणि १९११ ची दोन्ही नाणी एकत्र मांडावीत का?

शाहूपुरीचा_व्यापारी

ती बुरशीच आहे. स्वतः उघडू नका, आहे तसेच छायाचित्र द्या. जाणकार ग्राहक आपल्या विश्वासाच्या कारागिराकडून साफ करून घेतो.

नाणीसंग्राहक_करवीर

दोन्ही नाणी वेगवेगळी मांडा आणि पहिल्याचा लिलाव पूर्ण झाल्यावरच दुसरे मांडा, म्हणजे पहिल्या वेळी हरलेला माणूस दुसऱ्या वेळी तुमचा ग्राहक होईल. झग्यावरील हत्तीचे जवळून घेतलेले छायाचित्र सर्वांत पुढे ठेवा.