कृषी ९४ (कॉलेजच्या जुन्या मित्रांचा ग्रुप) : पैलवान प्रकाशा गावात भेटला

साहेब: मंडळी, आज नर्मदा परिक्रमेला निघालेला आपला पैलवान भेटला! प्रकाशा गावात, तापीच्या घाटाजवळ. पांढरे कपडे, हातात दंड, पाठीला पिशवी, दाढी वाढलेली. मी गाडीतून उतरून "नर्मदे हर" म्हटलं, तर मला ओळखायच्या आधीच त्यानं वाकून नमस्कार केला. मग दोघांच्याही डोळ्यांत पाणी. हॉस्टेलनंतर पहिल्यांदाच इतका निवांत बोललो आम्ही.

माई: चालत निघालाय? मला वाटलं बसनं असेल.

साहेब: चालतच. मुलीचं लग्न उरकलं, नोकरीतनं स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि कार्तिकी एकादशीनंतर ओंकारेश्वरला संकल्प सोडला. आता दक्षिण तटानं पश्चिमेकडं. नर्मदा मैया कायम उजव्या हाताला, कुठंही ओलांडायची नाही.

मास्तर: पण प्रकाशा तर तापीवर की रे.

साहेब: शूलपाणीची झाडी म्हणजे नर्मदेकाठचं जंगल अवघड, त्यात सरदार सरोवराच्या पाण्याखाली काठची जुनी वाट बरीच गेली. म्हणून पुष्कळ जण बडवानीकडून खेतिया, शहादा, प्रकाशा, तळोदा, अक्कलकुवा असे आमच्या नंदुरबार जिल्ह्यातून वळसा घालून गुजरातेत उतरतात. पुढं मैया समुद्राला मिळते तिथं विमलेश्वरला भरतीची वाट बघायची आणि नावेनं खाडी पार करून पलीकडं मिठी तलाईला. तिथून उत्तर तट सुरू, थेट उगमापर्यंत, अमरकंटकला. मग दक्षिण तटानं परत ओंकारेश्वर.

बागायतदार: नादखुळा माणूस. काय लागलं तर सांगा, पैसे लगेच पाठवतो.

साहेब: पैसे नकोत त्याला. गावोगावी लोक हाताला धरून जेवायला नेतात. माझी काळजी वेगळी आहे. त्याला शुगर आहे आणि तो अनवाणी चालतोय. उजव्या टाचेला भेग पडलीय, बोट लावलं तरी त्याला कळलं नाही. मला ते बघवलं नाही.

माई: कळलं नाही म्हणजे पायाची संवेदना कमी झालीय. हे अंगावर काढू नका. आमच्या बाबांचा अंगठा असाच गेला. त्याला बूट घालायला लाव, देव काही रागावत नाही. रोज मुक्कामाला तळवे धुऊन, कोरडे करून, आरशात बघायला सांग. आणि खिशात खडीसाखर पाहिजेच. गोळ्या घेऊन दिवसभर चालल्यावर जेवण लांबलं तर साखर एकदम उतरते.

साहेब: शहाद्याला डॉक्टरांकडं नेलं. जखम धुतली, पट्टी केली, दोन दिवस थांबायला सांगितलंय. माझ्याकडंच ठेवतोय. बूटही घेतले. आधी नाही म्हणाला, मग वहिनींशी बोलणं करून दिलं, तेव्हा ऐकलं.

वकीलबाई: वहिनींना मी आत्ताच फोन केला. बिचारी एकटीच आहे, रोज रात्री त्याच्या फोनची वाट बघते. रविवारी मी जाते तिच्याकडं. आता मुंबईच्या चकरा नाहीत, ऑगस्ट २०२५ पासून हायकोर्टाचं सर्किट बेंच कोल्हापुरातच आहे, त्यामुळं रविवार माझा असतो.

मास्तर: वकीलबाई, पन्नाशीला आल्यावर तू तीन वर्षांचं लॉ केलंस, ते मी दरवर्षी माझ्या अकरावीच्या पोरींना सांगतो. मनापासून.

माई: पोरांवरून आठवलं, धाकट्याला जर्मनीत प्रवेश मिळाला. तिकडं बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणीची फी नाही, पण व्हिसासाठी ब्लॉक्ड खात्यात, म्हणजे तिथल्या राहण्याच्या खर्चासाठी राखून ठेवलेल्या खात्यात, वर्षाचे ११,९०४ युरो आधी दाखवावे लागतात. म्हणजे बारा लाखांच्या आसपास. जमवाजमव चाललीय.

बागायतदार: अभिनंदन माई! कमी पडलं तर हक्कानं सांग. बेदाण्याचे पैसे उन्हाळ्यात येतील, पण तोवर बघू काहीतरी.

मास्तर: आता पैलवानाचं ठरवू. एवढं अंतर त्यानं एकट्यानं चालू नये. खाडी ओलांडल्यावर तो भरूचहून नारेश्वर करत गरुडेश्वरला येईल ना? टेंबे स्वामींची समाधी आहे तिथं. स्वामी मूळ आपल्या माणगावचे, सिंधुदुर्गातले. मला तिथं जायचंच आहे. मी रजा टाकतो आणि गरुडेश्वरपासून आठवडाभर त्याच्याबरोबर चालतो.

बागायतदार: मीही आलो असतो रे, पण तेव्हा द्राक्षाच्या मण्यांत पाणी उतरायला लागतं, बाग सोडता येत नाही. परतताना नर्मदापुरमच्या बाजूला तो येईल तेव्हा माल गेलेला असेल. तिथनं माझा नंबर.

साहेब: झकास. आपण असं वाटून घेतलं तर निदान काही टप्प्यांत तरी तो एकटा नसेल. अक्कलकुव्यापर्यंत मी सोबत जातो.

माई: मास्तर, निघायच्या आधी सांगलीवरून ये. गोळ्या, साखर तपासायचं मशीन, पट्ट्या आणि सुती मोजे देते. त्याच्या पायाचं माप काय आहे? साहेब, विचारून सांग.

साहेब: दहा नंबर. शेजारीच बसलाय, तुम्हा सगळ्यांना "नर्मदे हर" सांगतोय.